शेवटल्या नंबराचे दामूअण्णा

दामूअण्णांच्या सायकलच्या दुकानात हवा भरायला गेलं की ते चाक दाबून बघत आणि पंप मध्येच बाजूला ठेवत. "अजून थोडी?" असं विचारलं की म्हणत, "गळ्यापर्यंत जेवून कुणी पळतं का? चाकालाही जागा ठेवावी." त्यांच्या मते पनवेलमधल्या निम्म्या माणसांचं दुखणं एकच होतं, सुरुवातीलाच सगळा दम लावणं. नवरदेवावर अक्षता टाकतानासुद्धा ते कानात सांगत, "बेतानं हं. लांबचं आहे."

हे दामूअण्णा व्यायामशाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दरवर्षी धावत आणि दरवर्षी शेवटले येत. तळ्यापासून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. वर्तमानपत्र वाचणारे तिला ऐटीत मॅरेथॉन म्हणत.

एका वर्षी, चाळिशी उलटल्यावर, मीही नाव दिलं. का, ते सांगायला हवं. मी शाळेत शिक्षक. वकिलीची परीक्षा अर्धी सोडली, पेटी शिकणं अर्धं सोडलं, परसातली विहीर पाणी लागायच्या आधीच सोडली. त्या विहिरीसाठी सुशीलेनं, माझ्या बायकोनं, आपल्या पाटल्या मोडून दिल्या होत्या. त्यावरून तिनं कधी एक शब्द काढला नाही आणि तेच मला जाचायचं. निदान एक गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत पुरी करावी, एवढीच माझी इच्छा होती.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दामूअण्णा आमच्याकडे आले ते थेट स्वयंपाकघरात.

"वहिनी, जरा भांडी द्या."

त्यांनी जमिनीवर फुलपात्र ठेवलं, ते तळं. वाटी म्हणजे पळस्पे, तांब्या म्हणजे शिरढोण आणि पालथी कढई म्हणजे कर्नाळा.

"आधी काय साधायचं ते ठरवा, मास्तर. एक, परत यायचं. दोन, बैलगाडीतून नाही, पायांवर यायचं. तीन, वहिनी ओळखतील अशा तोंडानं यायचं."

"आणि नंबर?"

"नंबर सायकलच्या बिल्ल्यावरही असतो. इकडे बघा. वाटीपर्यंत इतकं हळू, की लोक हसले पाहिजेत. तांब्यापर्यंत शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणं बंद पडलं की समजा, जास्त पळताय. कढई आली की लाज सोडून चालायचं."

"अण्णा, तुमचं स्वतःचं काय ठरलंय?" सुशीलेनं विचारलं.

"माझं काय! शेवटला."

"बरं. मग तुमचा कर्नाळा उचला आता, मला भाजी टाकायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर माणसं जमली. "दामूअण्णा, कंदील घेतलात ना?" कुणीतरी ओरडलं. "घेतलाय, तेल तुम्ही घाला," असं उत्तर गेलं. मग ताशा वाजला आणि मी वाटी, तांब्या, कढई सगळं विसरून उधळलो.

खिंडीतून परतताना शिरढोणजवळ पोटऱ्यांत गोळे आले. मैलाच्या दगडावर बसलो. एकेक जण पुढे निघून गेला. हेही विहिरीसारखंच झालं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले.

"उठा, मास्तर." मागून दामूअण्णा आले होते. कपाळावर घाम होता, पण श्वास दुकानात बसल्यासारखा शांत.

"तुम्ही व्हा पुढे. माझ्यानं नाही होत."

"पुढे कसा होऊ? मग शेवटले तुम्ही. इतक्या वर्षांची माझी जागा बसल्या बसल्या घेता होय?"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच मी उठलो. थोडं चालत, थोडं धावत आम्ही निघालो. ते सारखे काहीतरी विचारत राहिले, मला उत्तर द्यावंच लागत होतं. पळस्प्याला रस्त्याकडेला काकड्या विकणारी एक आगरी म्हातारी त्यांना पाहून म्हणाली, "आलास काय रं दामू? या वरसाला कोनाला आनलास?"

"शालंचा मास्तर हाय," दामूअण्णा तिच्याच बोलीत म्हणाले.

"बरा हाय यो. गेल्या वरसाचा त नुसता रडत व्हता."

मी पाहतच राहिलो. "अण्णा, म्हणजे दरवर्षी?"

"कुणीतरी बसलेलं असतंच हो." धावता धावताच ते पुढे म्हणाले, "पहिल्या वर्षी मी एकटा मागे राहिलो होतो. पोचलो तेव्हा मांडववाले दोऱ्या सोडत होते. एकानं विचारलं, कुणाला शोधताय?"

दामूअण्णांच्या घरी वाट पाहणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. त्याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. त्या माणसाचे उपकार मी आजही मानतो, ते एवढ्या एका शर्यतीचे नव्हेत.

तळ्याशी माणसं पांगली होती. टेबल उचललं जात होतं. सुशीला पाण्याचा तांब्या घेऊन उन्हात उभी होती. शेवटच्या रेषेशी दामूअण्णा थबकले. "व्हा पुढे, मास्तर." मी रेषा ओलांडली.

"आधी पाणी घ्या," सुशीला म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो आणि मागे वळून, अंगात होता नव्हता तेवढा जोर एकवटून टाळ्या वाजवू लागलो. सुशीलेनं माझ्याकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि चार पुरुषांसमोर तीही टाळ्या वाजवू लागली.

दामूअण्णा रेषेच्या अलीकडेच थांबले आणि आपल्यामागून कोण येतंय, ते वळून बघू लागले.