शंभर किलोमीटर सासर

मी सायकल चालवायचं ठरवलं ते तब्येतीसाठी नाही, पापलेटच्या मधल्या तुकड्यासाठी.

माझं सासर केळव्याचं, मच्छीमारांचं. तिथे तुमची किंमत किती ते कोणी बोलून दाखवत नाही, ताटात वाढून दाखवतात. थोरला जावई म्हणून मधला तुकडा इतकी वर्षं माझ्याच ताटात पडत होता. (बोईसरच्या एका कंपनीत स्टोअर क्लार्क असलेल्या माणसाला आयुष्यात याहून मोठा मान मिळत नाही.) मग धाकट्या मेव्हणीचं, रिद्धीचं लग्न झालं, तिच्या नवऱ्याने, हितेशने, सायकल घेतली आणि मागच्या खेपेला मधला तुकडा त्याच्या ताटात गेला. मला शेपटी.

"हितेशरावांना ताकद लागते," सासूबाई म्हणाल्या. "सायकल चालवतात ना ते!"

आता हा आमचा साडू कोपऱ्यावरून दूध आणायलाही कार काढतो. रविवारी मात्र पहाटे उठून, बुडाखाली उशी शिवलेली चड्डी घालून सायकलवर डहाणूला जातो, तिथे वडापाव खातो आणि परत येतो. वडापाव बोईसरलाही मिळतो. पण नाही! पाणी पिण्याला हा 'हायड्रेशन' म्हणतो आणि दुपारभर घोरण्याला 'रिकव्हरी'. त्याच्या सायकलला घंटी नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. जितकं कमी तितकी महाग.

"पुढच्या रविवारी शंभर किलोमीटरची राइड आहे," शेपटीतले काटे काढणाऱ्या माझ्याकडे बघत तो म्हणाला. "पण तुम्हाला नाही झेपायचं, दादा."

"का नाही झेपायचं?" मी म्हणालो. "येतो मी."

सासऱ्यांनी जेवता जेवता मान वर केली. माझी बायको दीपा हसली. (तिने मला दोन जिने चढताना पाहिलेलं आहे.) "अहो, नाही पूर्ण झालं तर या घरात शेपटीसुद्धा मिळायची नाही," ती म्हणाली. हे ती गमतीने म्हणाली नव्हती.

वडिलांची जुनी काळी सायकल मी तेलपाणी करून काढली. तिला स्टँड होता, घंटी होती आणि वर गहू ठेवून दळायला न्यावेत असं भक्कम कॅरिअर होतं. उशीची चड्डी मी घालणार नव्हतो. मला स्वाभिमान आहे. ऑफिसची पँट, पायाला क्लिप आणि नेहमीचा चौकड्यांचा शर्ट. रविवारी पहाटे सगळे सायकलवाले रंगीत पोपटांसारखे फोटो काढत उभे होते. त्यांनी मला पाण्याच्या बाटल्या उतरवायला सांगितल्या. मी उतरवल्या आणि मग सांगितलं की मीही स्पर्धक आहे.

"ही स्पर्धा नाहीये, दादा," हितेश म्हणाला. "फक्त दुपारी दोनच्या आत परत यायचं."

बोईसरहून बेटेगाव, पालघर, कोळगाव करत केळव्याला, पुढे माकुणसार, सफाळे, मग मागे फिरून तारापूर आणि परत बोईसर. रस्ता सपाट, झाडांची सावली. मी खूश होतो. एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. दीपाच्या माहेरचं अख्खं गणगोत याच रस्त्यावर पसरलेलं आहे, आणि जावई दारावरून उपाशी गेला तर त्या घराला वर्षभर तोंड दाखवायला जागा उरत नाही.

हितेशही जावईच. पण हेल्मेट, गॉगल आणि नाकावर फडकं बांधून तो सगळ्यांच्या दारावरून सुसाट गेला, त्याला कोण ओळखणार? मला चौकड्यांच्या शर्टावरून लांबून ओळखत होते.

केळव्याला वाचलो, कारण सासू-सासरे मच्छी घेऊन पालघरच्या बाजारात गेले होते. माकुणसारला दीपाची जमनाआत्या रस्त्यातच उभी.

"धीरजराव? सायकलवर?" तिने हँडलच धरलं. "मोटरसायकल कुठं गेली?"

"घरी आहे, आत्या. मी घाईत आहे, परत कधीतरी..."

"इकली?"

"नाही हो! ही आवड म्हणून चालवतोय."

"आवड!" आत्याने पदर डोळ्यांना लावला. "कंपनी बंद पडली का तुमची? आमच्या सुक्याची पडली तवा तोपन असाच हसत होता."

"कंपनी चालू आहे. शंभर किलोमीटर जायचं आहे, बस."

"मग पैसे देतात का कोन?"

"उलट आपणच फी भरायची असते."

आत्याने कपाळावर हात मारला. मग घराकडे वळून सुनेला ओरडली, "कमळी, पान वाढ गो! डोक्यावरपन परिणाम हाय!"

तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि वर भात. सकाळी! नको म्हटलं की तिला हुंदका यायचा, म्हणून खाल्लं. निघताना तिची नजर कॅरिअरवर गेली. तिथेच माझा घात झाला. सुक्या बोंबलांची जुडी, सुकटीची पिशवी आणि चार नारळ तिने सुतळीने असे बांधले की सायकल पडली तरी ते पडणार नाहीत. "दीपाला सांगू नका, पन एवढ्यात महिनाभर निघल," ती कुजबुजली.

मी पुढे निघालो आणि तिचा फोन माझ्याही पुढे निघाला. सफाळ्याला दीपाचा चुलतभाऊ केतन पाट मांडूनच बसला होता. परत येताना आत्याच्या शेजारणीने सुक्या करंदीची पुरचुंडी बांधली. (तिचा माझा काही संबंध नाही. पण दुःखात सगळे आपले.) तारापूरला दीपाची मावशी डबा घेऊन नाक्यावरच उभी, सोबत बायकांचा घोळका. "दीस फिरतात, जावईबापू," म्हणत तिने कोलंबीचं लोणचं हँडलला अडकवलं. मी उतरून समजावायला लागलो की हा खेळ आहे, यात आनंद आहे. तोवर उन्हाने माझा चेहरा असा झाला होता की आनंद हा शब्द ऐकून दोघी रडल्या.

उशीच्या चड्डीबद्दल मी जे काही बोललो होतो ते तारापूरच्या पुढे मनातल्या मनात मागे घेतलं. पोटात दोन घरांचं जेवण, मागे मासळी आणि तिच्या मागे कुत्री. एमआयडीसीच्या वळणावर पंक्चर झालं. तिथला पंक्चरवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "साहब, पहले डिलिवरी करके आओ, फिर बनाता हूँ."

मी चिडलो नाही. चिडायला त्राण नव्हतं. हात जोडले, त्याने पंक्चर काढलं आणि मी उभ्यानेच पॅडल मारत सुटलो, कारण बसण्याची सोय शरीरात उरली नव्हती.

दोनला थोडा वेळ असताना मी पोचलो. सगळ्यात शेवटचा, पण पोचलो! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी पूर्ण केलं होतं. एका पोपटाने लांबूनच हात लांब करून माझ्या गळ्यात मेडल टाकलं. हितेश म्हणाला, "दादा, मानलं," आणि वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला.

छाती काढून घरी आलो. दारात चपलांचा ढीग. आत सासरे, सासूबाई, टेम्पोने माझ्या आधी पोचलेली जमनाआत्या आणि मधोमध दीपाचे दादूमामा. सातपाटीला त्यांचा बर्फाचा कारखाना आहे आणि माझ्या लग्नापासून ते माझ्याशी एक वाक्य बोललेले नाहीत.

"बसा, धीरजराव," मामा म्हणाले. (मी उभाच राहिलो. कारण वर आलंच आहे.) "कंपनी गेली तर गेली. आमी मेलो नाय. हिशोबाला माणूस पायजेच हाय, उद्यापासून या."

मग मात्र मी सगळं सांगितलं. कंपनी चालू आहे, मोटरसायकल खाली उभी आहे, दीपाला विचारा. शंभर किलोमीटर सायकल चालवणं हा पराक्रम आहे, हे बघा मेडल! आत्याने मेडल हातात घेऊन नखाने खरवडलं. "पत्रा हाय," ती म्हणाली.

मामा मात्र खिडकीतून खाली उभ्या सायकलकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "हा सगळा माल तुमी एकट्याने आनला? माकुणसारवरनं?"

"सफाळ्याला जाऊन परत येऊन! आणि पुढे तारापूरही!"

"एक बोंबील तुटला नाय." मामा माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सासरे ताठ बसले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं. हितेशला हा मान कधी मिळाला नव्हता. मी छाती आणखी काढली.

"हिशोबाला काय, कोनपन मिळल," मामा म्हणाले. "तुमी डिलिवरीला या."

मी हसलो. कोणीच हसलं नाही. मी मदतीसाठी दीपाकडे पाहिलं. 

"मामा," दीपा म्हणाली, "पगार काय देता?"

मामांनी आकडा सांगितला. तो आमच्या कंपनीत फक्त मॅनेजरलोकांत बोलला जातो.

दीपाने माझ्या गळ्यातलं मेडल काढून खिळ्याला अडकवलं आणि विचारलं, "मग सकाळी किती वाजता पाठवू यांना?"