हापशाविषयीची माहिती पुरी झाली

माणसाला तहान लागते, हे कुणीही सांगेल. त्याला तहानेविषयी काय वाटते, हे विचारायला मात्र प्रशिक्षण लागते.

तसे प्रशिक्षण १९९१ साली परभणीत पाच दिवस झाले. विषय : आंतरराष्ट्रीय विकासासाठी गुणात्मक संशोधन पद्धती. शिबिरार्थी एकोणीस, पैकी टिपणे काढणारे अकरा, डुलक्या काढणारे सहा आणि सगळे समजल्यासारखे दिसणारे दोन. सिताराम या दोघांतला. एम. ए. होऊन तीन वर्षे घरी बसलेल्या माणसाला हे चांगले जमते. उत्तर सुचेल असा प्रश्न विचारू नये, ऐकताना मान हलवावी पण मत देऊ नये, आणि तेच ते उत्तर येऊ लागले की माहिती संपृक्त झाली असे समजून मुलाखती थांबवाव्यात, एवढे तो शिकला. (शेवटचे तत्त्व सगळ्यांनाच लगेच पटले. परतीची बस साडेपाचला होती.)

प्रात्यक्षिकासाठी त्याच्या वाट्याला पिंगळीच्या पुढची एक बौद्ध वस्ती आली. तिथला हापसा चार महिने बंद होता. गावच्या विहिरीवर या वस्तीने यावे की नाही, याविषयी गावाची मते ठाम होती (तीही गुणात्मकच), म्हणून बायका मैलभरावरच्या ओढ्यातून पाणी आणत. हंडा घेऊन येणाऱ्या कडूबाईला सितारामने वाटेतच गाठले.

“मावशी, पाण्याबद्दलचा तुमचा अनुभव सांगता का?”

“हापसा बिघडलाय, दादा.”

“बिघडला, म्हणजे तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय?”

“अर्थ? पाणी येत न्हाई. तुमी दुरुस्तीला आलाव का?”

सितारामने नियमाप्रमाणे मान हलवली. कडूबाईचा चेहरा असा फुलला की बघवेना. तिने त्याला घरी नेले, हंडा उतरवला आणि पहिला तांब्या त्याच्यापुढे धरला. पिताना त्याला लाज वाटली. पण ती विषयाच्या कक्षेबाहेरची होती. त्याने लिहिले, ‘पाण्याची उपलब्धता : तांब्याभर.’

शेजारची सुलाबाई म्हणाली, “हापसा बिघडलाय.” म्हातारे आश्रुबा म्हणाले, “हापसा बिघडलाय. लय अर्ज दिले.” चतुराबाईने तोंड उघडले, तोवर सितारामने वही मिटली होती.

‘वस्तीत पाण्याविषयी अनुकरणीय मतैक्य असून जाणून घेण्यासारखे नवे काही उरलेले नाही,’ असा त्याचा अहवाल उत्कृष्ट ठरला. सितारामला नोकरी लागली. आश्रुबांच्या पुढच्या अर्जाला, सदर विषयाचा अभ्यास पूर्ण झाला आहे, असे जिल्हा परिषदेचे उत्तर आले.

मान हलवून गेलेला दुरुस्तीवाला दीड महिना झाला तरी फिरकला नाही, तेव्हा कडूबाई स्वतः परभणीला जिल्हा परिषदेत गेली आणि साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून तेच एक वाक्य बोलली. ते इथे पुन्हा दिले असते. पण आश्रुबा बोलत होते तेव्हाच आपण ते न वाचता पुढच्या ओळीवर गेलात, अशी नोंद आमच्याकडे आहे.