नाव आणि जन्मतारीख

"पूर्ण नाव?"

"लाइल, मला उशीर होतोय."

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख."

जोलीन वेंडॉर्फनं नवऱ्याकडे पाहिलं. तिची कॉफी त्याच्या हातात होती आणि तो ती छातीशी धरून उभा होता. तिनं नाव सांगितलं, तारीख सांगितली, मनगट पुढे केलं. मनगटावर दवाखान्यातल्यासारखी, नाव-तारीख छापलेली कागदी पट्टी होती. लाइलनं ती वाचली, "जुळतं" असं मोठ्यानं म्हणाला, आणि मग कुठे कॉफी मिळाली. तोवर ती गार झाली होती.

तक्रार कुणाकडे करणार? ही कल्पना जोलीनचीच होती.

*

माहितीपत्रक, पान पहिलं: "नर्सिंगचा आमचा जलद अभ्यासक्रम दुसरा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी आहे. तुमचा आधीचा अनुभव इथे नक्की उपयोगी पडेल."

लाइलचा आधीचा अनुभव शाळेच्या बँडचा. अठरा वर्षं त्यानं विस्कॉन्सिनच्या बोचऱ्या थंडीत फुटबॉलच्या मैदानावर पोरांकडून ट्रम्पेट वाजवून घेतले होते. शाळेनं बँड बंद केला, ट्रम्पेट कपाटात गेले आणि लाइल घरी बसला. आधीची कुठलीही पदवी असली की चार वर्षांचं नर्सिंग सव्वा वर्षात होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं. ते खरंही होतं. फक्त चार वर्षांतलं काहीच कमी केलेलं नव्हतं. एका आठवड्यात हृदय, दुसऱ्यात मूत्रपिंडं. मध्ये एक शिंक आली तर फुप्फुसं राहून जायची.

तरी लाइल तग धरून होता. अडला तो औषध देण्याच्या परीक्षेत.

पलंगावर प्लास्टिकचा रुग्ण होता. लाइलनं हात धुतले, औषध तीनदा तपासलं, मात्रा मोजली, पाणी दिलं. दर पायरी मोठ्यानं बोलून केली, कारण परीक्षक हॉलक्विस्टबाईंचा नियमच होता: तोंडानं बोलला नाहीत, म्हणजे केलं नाहीत. सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "नापास."

"का?"

"रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारली नाहीत."

"पुतळ्याला?"

"पुतळ्याला."

"तो काय सांगणार?"

"सांगणार होता," बाई म्हणाल्या. "त्याच्या उशीत स्पीकर आहे."

खरंच, काचेच्या पलीकडे एक माणूस माइक हातात धरून, पुतळ्याचं नाव सांगायला सकाळपासून टपून बसला होता. त्याचीही सकाळ फुकट गेली.

आता एकच संधी उरली होती. दुसऱ्यांदा नापास झाला की अभ्यासक्रमाबाहेर. मग परत घर, परत ते बंद कपाट.

*

माहितीपत्रक, पान तिसरं: "कुटुंबाचा पाठिंबा महत्त्वाचा."

जोलीननं पाठिंबा दिला, म्हणजे कायदाच केला. परीक्षा होईपर्यंत या घरात नाव आणि जन्मतारीख सांगितल्याशिवाय लाइलच्या हातून कुणाला काही मिळणार नाही. ऑफिसातल्या छपाईयंत्रावर तिनं सगळ्यांच्या मनगटांसाठी पट्ट्या छापून आणल्या. स्वतःची, कुत्र्याची आणि आईची. आईची तारीख आईच्या सरकारी आरोग्यकार्डावरून घेतली.

चूक झाली ती इथे.

जोलीनची आई, अर्लीन टेस्के, मागच्या खोलीत राहायची. तिनं पट्टी बांधून घेतली, वर स्वेटरची बाही ओढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोस्टसाठी हात पुढे केला.

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख, आई."

"अर्लीन रूथ टेस्के. दहा मे."

"साल?"

"माझ्या मुलीला मागणी घातलीस तेव्हा माझं साल विचारलं होतंस?"

"तेव्हा तुम्हाला औषध द्यायचं नव्हतं."

"हे औषध आहे? लोणी लावलेला पाव आहे तो, नर्सबाई."

लाइलनं टोस्ट दिला नाही. अर्लीन उठली, स्वतःच्या हातानं एक केळं घेतलं आणि निघून गेली. पुढे ती बरेच दिवस केळ्यांवर होती. जोलीनला वाटलं, हट्टीपणा. लाइलला वाटलं, रुग्णाचं असहकार्य. खरं कारण दोघांच्याही ध्यानात आलं नाही. खरं कारण रोज सकाळी केस चापून बसवायचं आणि त्याचं नाव होतं वर्नन.

*

वर्नन दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला विधुर. चर्चच्या हॉलमध्ये पोल्का नाचताना अर्लीनला भेटला. गुडघे दुखत असूनही तो दोन गाणी नाचला, आणि त्या भरात अर्लीननं आपलं जन्मसाल सात वर्षं पुढे सरकवलं.

शुक्रवारी ती त्याला जेवायला घेऊन आली. विस्कॉन्सिनात शुक्रवार म्हणजे तळलेले मासे. लाइल ते गॅरेजचं दार उघडं टाकून तिथेच तळायचा. कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड, ब्रँडीचे पेले, पत्त्यांचा डाव मांडलेला. सगळं कसं छान चाललं होतं. लाइलनं पर्च माशांनी भरलेली बशी उचलली, सासूपुढे नेली आणि त्याच्या तोंडून आपोआप आलं,

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख?"

अर्लीननं वर्ननकडे पाहिलं. वर्नन कौतुकानं हसत होता. मागे हटायला जागा नव्हती.

"अर्लीन रूथ टेस्के," ती ताठ मानेनं म्हणाली. "दहा मे एकोणीसशे त्रेपन्न."

लाइलनं तिचा हात धरला, बाही वर केली, पट्टी वाचली. बशी मागे घेतली.

"जुळत नाही," तो म्हणाला. "देता येणार नाही."

जोलीननं हातातले पत्ते खाली ठेवले.

"लाइल," जोलीन हळूच म्हणाली, "बशी दे."

"साल वेगळं आहे. अशा वेळी द्यायचं नाही, थांबायचं, आणि वरिष्ठांना कळवायचं."

"इथे वरिष्ठ मी आहे. दे ती बशी. ती छपाईची चूक आहे, वर्नन. आमच्या ऑफिसातलं यंत्रच तसलं."

वर्नननं मान डोलावली. अर्लीनच्या पट्टीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मात्र स्वतःच्या मनगटाकडे दोनदा पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला. डाव अर्धा टाकून, गुडघ्यांचं निमित्त सांगून तो घरी गेला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

अर्लीननं लाइलशी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते जोलीनमार्फत. "त्या नर्सबाईंना म्हणावं, माझ्या खोलीवरून जाताना पाय आपटू नका." ही खोली स्वयंपाकघराला लागून होती. लाइल घरात मोज्यांवर चालू लागला.

*

माहितीपत्रक, पान सातवं: "प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करण्याची संधी."

पुतळ्याशी विद्यार्थी मोकळेपणानं बोलत नाहीत, हे हॉलक्विस्टबाईंच्या लक्षात आलं होतं. नुसत्या लाइलच्याच नव्हे, अर्ध्या वर्गाच्या बाबतीत. म्हणून दुसऱ्या परीक्षेला त्यांनी चर्चमधून वयस्कर स्वयंसेवक मागवले. डोनट आणि कॉफी फुकट. म्हाताऱ्यांना खोटी नावं पाठ करायला नकोत म्हणून पट्ट्यांवर त्यांचीच नावं आणि गाडीच्या परवान्यावरच्या जन्मतारखा छापल्या. मोठा हॉल, ओळीनं पलंग, मध्ये पडदे.

लाइलनं आपला पडदा सरकवला. पलंगावर झगा आणि लोकरीचे मोजे घालून वर्नन पडला होता.

"बाई," लाइल वळून म्हणाला, "मी यांना ओळखतो."

"या गावात अनोळखी रुग्ण हवा असेल तर मिल्वॉकीला जावं लागेल," हॉलक्विस्टबाई म्हणाल्या. "करा सुरू."

लाइलनं हात धुतले. औषध तपासलं, औषध म्हणजे चमचाभर पुडिंगमध्ये साखरेची गोळी. सगळं बोलत बोलत केलं. मग तो पलंगाजवळ आला.

"तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगाल का?"

वर्नननं नाव सांगितलं. मग शेजारच्या पडद्याकडे डोळे फिरवून कुजबुजला, "ती तिथे आहे. आम्ही दोघांनी नावं दिली होती, त्या माशांच्या आधी." मग घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीन नोव्हेंबर एकोणीसशे पन्नास."

लाइलनं पट्टी वाचली. परत वाचली.

एकोणीसशे एकेचाळीस.

वर्ननच्या डोळ्यांत पोल्कापासूनची सगळी विनवणी जमा झाली होती. शेजारच्या पलंगावर सासू होती. पायथ्याशी पेन्सिल धरलेल्या हॉलक्विस्टबाई. जुळतं म्हणावं, तर नापास. गप्प राहावं, तरी नापास. बोललं नाही म्हणजे केलं नाही. बोलावं, तर या माणसाचं वय पडद्यापलीकडे जाणार, आणि मग मोज्यांवर चालूनही घरात राहता येणार नाही.

"जुळत नाही," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"तारीख जुळत नाही."

"काय जुळत नाही? कुठे काय लिहिलंय? नीट सांगा."

लाइलनं डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. अठरा वर्षं वादळवाऱ्यात, मैदानाच्या पार टोकाच्या ढोलवाल्यापर्यंत पोचलेला तो आवाज. आधीचा अनुभव उपयोगी पडला.

"रुग्ण म्हणतो एकोणीसशे पन्नास. पट्टीवर आहे एकोणीसशे एकेचाळीस. औषध थांबवतोय आणि वरिष्ठांना कळवतोय."

हॉलमध्ये कुणाचा तरी डोनट कॉफीत पडला.

"पास," हॉलक्विस्टबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. औषध देण्याच्या परीक्षेत औषध न देता लाइल वेंडॉर्फ पास झाला.

*

पडद्यापलीकडून, नुसते आवाज:

"आजी, तुमचं पूर्ण नाव?"

"अर्लीन रूथ टेस्के."

"जन्मतारीख?"

"..."

"आजी? बरं वाटतंय ना?"

"उत्तम वाटतंय. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. दहा मे एकोणीसशे शेहेचाळीस. जरा मोठ्यानं वाच, बाळ. पलीकडच्या पलंगावरच्यांना वयोमानानं कमी ऐकू येतं."

"जुळतं."

*

पडद्याच्या अलीकडे वर्नन बोटं मोजत होता.

"पाच," तो म्हणाला. "फक्त पाच वर्षांनी लहान. मी बारा धरून चाललो होतो. केस काळे करतोय वेड्यासारखा."

"मग फोन का नाही केलात?" लाइलनं विचारलं. "आम्हाला वाटलं, त्यांच्या सालावरून तुम्ही रागावलात."

"तिच्या सालाचं मला काय?" वर्नन म्हणाला. "तुमच्या घरी आधी मनगट दाखवावं लागतं आणि मग मासे मिळतात. पुढचा नंबर माझाच होता."

*

पुढच्या शुक्रवारी गॅरेजचं दार पुन्हा उघडं होतं. पट्ट्या जोलीननं कापून टाकल्या होत्या. कुत्र्याची राहिली होती, कारण तो ती काढू देत नव्हता. वर्ननचे केस पांढरे होते आणि गुडघे दुखतात हे तो आता मोकळेपणानं सांगत होता. लाइलनं कुणाला काही न विचारता सगळ्यांना वाढलं. शेवटी स्वतःची बशी भरून टेबलावर ठेवली आणि हात पुसायला वळला. परत पाहतो तर बशी सासूच्या हातात, छातीशी धरलेली.

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख?" अर्लीननं विचारलं. दोन आठवड्यांनंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होती.

लाइलला बरं वाटलं. त्यानं नाव सांगितलं, तारीख सांगितली, साल सांगितलं.

"आता मनगट."

त्यानं हात पुढे केला. मनगट मोकळं होतं. जोलीननं पट्ट्या छापल्या होत्या त्या ज्यांना वाढायचं त्यांच्यासाठी. वाढणाऱ्यासाठी छापलीच नव्हती.

अर्लीननं मनगट नीट, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"पट्टी नाही," ती म्हणाली. "देता येणार नाही." आणि बशी वर्ननपुढे सरकवली.