एक इंची नळी

गिझरची नळी निवडणं म्हणजे काय मोठं काम! एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या या जंगू गुरुजीला एवढं जमणार नाही?

घाई का होती, तेही सांगतो. थंडीत माझ्या बायकोचे, बुधरीचे, सांधे असे आखडतात, की गरम पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय तिला वेणीसुद्धा घालता येत नाही. पाणी तापायचं चुलीवर आणि सरपण यायचं जंगलातून. गेल्या महिन्यात शेजारच्या कोलूची बायको सरपणाला गेली. तिला वाघानं नेलं; घरी तिची मोळी तेवढी आली. त्याच दिवशी मी बुधरीला शपथ घातली, "आता काडीसाठीही जंगलात जायचं नाही!" आणि चंद्रपूरहून दहा लिटरचा गिझर आणला.

विजेचा बोर्ड स्वयंपाकघरात, म्हणून गिझरही तिथेच; न्हाणी परसाच्या टोकाला. मध्ये साठ फूट लोखंडी नळी.

"गुरुजी, अर्धा इंची पुरते," प्लंबर नूरुद्दीन म्हणाला. माझाच जुना विद्यार्थी. "जाड कायले पायजे?"

"अर्ध्या इंचातून पाणी येईल का मुंग्यांची रांग? एक इंची टाक!"

"पण पाणी नळीतच राह्यते ना जी!"

"तू पाना धर. गणित माझ्याकडे!"

दुसऱ्या सकाळी उद्घाटन. बुधरी न्हाणीत जाऊन बसली. मी नळ सोडला. अर्धी बादली भरली, बर्फासारखी!

"थंडच हाय वो, मास्तर."

"अजून तापलं नसेल." मी नळ बंद केला. अर्ध्या तासानं पुन्हा अर्धी बादली. पुन्हा बर्फ! पुन्हा नळ बंद. असं चारदा झालं. गिझर आत ढणाढणा तापतोय, बुधरी शाल गुंडाळून कुडकुडतेय, आणि आमचं कुत्रं मात्र नळीला पाठ लावून जहागीरदारासारखं पसरलेलं!

कुत्रं? मी नळीला हात लावला. गरम!

कोळशानं भिंतीवर गणित मांडलं. मुलांनो, लिहून घ्या. व्यास दुप्पट केला, की पोटात पाणी चौपट. माझ्या नळीत नऊ लिटर मावत होतं! मी नळीतलं गार पाणी काढत होतो, गिझरचं गरम पाणी नळीत भरत होतो आणि नेमका तेव्हाच नळ बंद करून ते गार होऊ देत होतो.

"सापडलं, बुधरी!" मी ओरडलो.

न्हाणी रिकामी होती. खुंटीवरचा कोयताही नव्हता.

मी बादली बडवत जंगलाकडे धावलो. वाघ आवाजाला बुजतो, म्हणून बादली. पहिल्या नाल्यापाशी बुधरी झाडीतून बाहेर आली. डोक्यावर मोळी, एक पाय अनवाणी.

"बादली काऊन बडवून राह्यले? लगन हाय का कोनाचं?"

"वाघ..."

"पानी आलं का तुमचं?"

"नाही. पण का नाही आलं, ते समजलं!"

ती पुढे चालू लागली.

"चप्पल कुठे गेली?"

तिनं मागे नाल्याकडे एकदा पाहिलं आणि चाल वाढवली. घरी येताच तिनं आधी दाराला कडी घातली, मग चुलीत काड्या सारल्या.

दुपारी नूरुद्दीननं अर्धा इंची नळी बसवली. तीनच तांबे थंड गेले आणि वाफाळतं पाणी आलं. बुधरीनं बादलीत दोन्ही हात बुडवले, ते बराच वेळ काढलेच नाहीत. नूरुद्दीन शहाणा, पाना पिशवीत टाकून निघून गेला.

मी नव्या चपला आणायला निघालो. दारातूनच परत फिरलो.

माप मी ठरवलं नाही. तिलाच विचारलं.