दहा अक्षरांचा मान

"मला इंग्रजी येत न्हाई म्हणणाऱ्यानं आधी माझ्या भिंतीवरचा कागद बघावा!" विजयमालाबाई गावभर सांगायच्या. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली. इंग्रजी अक्षरं शिकल्या त्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या नंबरपाट्यांवरून. एम आणि एच म्हणजे सरकार, एवढं पक्कं! आणि त्यांच्या एकुलत्या राजवर्धनच्या शौर्यपदकाच्या कागदावर, नावापुढं, मालगाडीसारखा लांब एक शब्द होता. दहा अक्षरं. त्यात एमही आणि एचही! पोराला जाऊन नऊ वर्षं झाली, पण रोज सकाळी त्या शब्दावरनं त्यांचा पदर फिरायचा. पदक काय, पुष्कळांना मिळतं. हा शब्द कुणाला मिळतो?

यंदा पुतण्याला, वीरधवलला, पदक मिळालं. त्याची आई, म्हणजे धाकटी जाऊ चंद्राबाई, कागदाचा फोटो दाखवायला आली. विजयमालाबाईंनी तो उलटासुलटा पाहिला. शब्दच नव्हता!

"चंद्रे, सरकारनं तुझ्या पोराला अर्ध्या मानावर भागवलंय गं."

चंद्राबाईंचं तोंड उतरलं. विजयमालाबाईंना दया आली. आणि त्यांची दया म्हणजे दावं तोडलेला वळू! भिंतीवरची फ्रेम उतरवून त्या एसटीनं थेट आष्ट्याला, फ्लेक्सवाल्या धुळाकडं गेल्या.

"मावशी, ह्या शब्दाचा अर्थ काय?"

"मान! तू अक्षरं मोज, अर्थाचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाईंच्या दारासमोर स्वागताचा फ्लेक्स चढला. हेडमास्तरांनी तो वाचला आणि टोपी काढली. बँडवाल्यांना परत पाठवलं. दुकानं बंद झाली. बायका हंबरडा फोडत आल्या. पुरण वाटणारी चंद्राबाई उंबऱ्यातच कोसळली. ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या विजयमालाबाई मनात म्हणाल्या, "एवढा मान बघून रडं येणारच की!"

तेवढ्यात एसटीतून उतरून, ट्रंक खांद्यावर घेऊन, वीरधवल आला.

"कोण गेलं रं?"

"तू!" म्हातारा ज्ञानू म्हणाला आणि स्वतःच चार पावलं मागं सरला.

वीरधवलनं फ्लेक्स वाचला आणि खो खो हसला. मग त्याला ताट घेतलेली काकी दिसली. हसू तिथंच थांबलं.

"काकी, ह्यो शब्द तुमी घातला?"

"व्हय. तुला कमीपणा नगो म्हणून."

तो खाली वाकला आणि बराच वेळ त्यांच्या पायावरून उठला नाही.

त्याच एसटीनं त्यांची सून, राजवर्धनची बायको संयोगिता, सांगलीहून, माहेराहून आली होती. बी.ए. झालेली पोर. विजयमालाबाई तिच्याकडं वळल्या.

"काय हाय गं त्या शब्दात?"

"मेल्यावर दिलेलं, आत्या."

"एवढ्या लांब शब्दाचा येवढाच अर्थ?"

"येवढाच."

"नऊ वर्सं तुला ठाऊक हुतं?"

"तुमी रोज पदर फिरवायचा. माझी जीभच उचलंना."

ताटातली निरांजनं वाऱ्यानं विझली. कुणी पेटवली नाहीत.

"मग जित्या माणसाच्या नावापुढं काय लिवत्यात?"

"कायबी न्हाई, आत्या. नुसतं नाव."

विजयमालाबाईंनी ताट खाली ठेवलं. उंबऱ्यात चंद्राबाई लेकाच्या गळ्याला मिठी मारून अजून हुंदके देत होती. त्या तिच्याकडं गेल्या आणि खेकसल्या, "ऊठ की गं चंद्रे! रडतीस कशाला? तुझ्या पोराच्या नावापुढं कायबी न्हाई!"