निवृत्तीआण्णांना घातलेले गोल

आमच्या पालीतल्या निवृत्तीआण्णांना त्यांनी अडवलेला एकही चेंडू आठवत नाही. अंगावर झालेले गोल मात्र सगळे आठवतात. कुणी मारला, कुठल्या पायानं, त्या दिवशी ऊन कुठं होतं, सगळं. "आडवलेल्यात काय हाय? त्यो मारनाराच चुकला आसंल," म्हणतात.

भात निघालं की राजगडाखालच्या एका रिकाम्या खाचरात दोन बांबू रोवायचे आणि मधे आण्णांनी उभं राहायचं, हे मी जन्मायच्या आधीपासून चाललंय. वय साठीपुढं. डोक्याला कानटोपी, हातात गवंड्याचे रबरी मोजे. खेळाडू पारखायची त्यांची रीत एकच, त्यानं आण्णांना गोल घातलेला पाहिजे. एकदा गडावर आलेल्या एका ट्रेकरनं माझ्या धाकट्या बहिणीचा, वैशालीचा, खेळ पाहिला. मोबाईलवर कुणा परदेशी खेळाडूचा व्हिडिओ काढून म्हणाला, "काका, ही अगदी याच्यासारखी खेळते."

आण्णांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "ब्येस हाय. पर ह्यानं मला कदी घातलाय का? मग म्या कसं सांगू?"

त्यांचे थोर खेळाडू तीन. साखर गावचा विठ्ठल, त्याचा पाय. मार्गासनीचा रामदास, त्याची कंबर. आणि कामथडीचा बाळू, त्याची सबुरी. गोलकीपर आधी पडेपर्यंत तो चेंडू मारायचाच नाही. मला स्वतःला आण्णांना एकदाही गोल घालता आला नाही. माझा चेंडू बांबूच्या बाहेरून शेजारच्या वावरात जायचा.

नववीत मी शाळा सोडली, तेव्हा आण्णांनी बाळूदादांना फोन लावला. ते गुजरातेत मोरबीला टाईल्सच्या कारखान्यात सुपरवायझर. "बाळू, मला घातल्याला त्यो गोल आटवतो का? आटवतो ना? मग आमच्या संतोषाला कामाला लाव." असा मी दुसऱ्याच्या गोलावर नोकरीला लागलो. खोकी भरताना अजूनही मनात येतं, तो चेंडू आण्णांनी अडवला असता तर माझं काय झालं असतं?

यंदा वैशालीला पुण्यातल्या एका खेळाच्या वसतिगृहानं घ्यायची तयारी दाखवली. शाळा तिथंच, राहणं तिथंच. आई म्हणाली, "आण्णा म्हनले तर धाडीन." कळवायला पंधरा दिवस होते. मला इकडं जेवण जाईना. ही संधी गेली आणि तिचीही शाळा माझ्यासारखीच सुटली तर?

मी रोज फोन करायचो. आण्णांचं रोज तेच.

"पाय इट्टलचा हाय बग. कंबर रामदासची. पर बाळूची सबुरी न्हाई."

"आण्णा, मुदत संपत आली."

"मग संपू दी की! फुडल्या साली जाईल."

माझं डोकंच फिरलं. बाळूदादांपाशी तक्रार केली. ते खोक्याला चिकटपट्टी लावत होते. लावून झाल्यावर म्हणाले, "इट्टल मुंबईला गेला. रामदास फौजेत. म्या हितं. आण्णाला गोल घातल्याव गावात कोन ऱ्हायलंय रं? आन यंदा त्या खाचरात खेळाया कोन येतं, सांग?"

कुणीच येत नव्हतं. पोरं कंपन्यांत नाहीतर मोबाईलमध्ये. शाळेतून आली की एकटी वैशाली त्यांच्यासमोर उभी राहायची.

शेवटच्या दिवशी आईनं खाचरातून व्हिडिओ कॉल लावला. वैशालीनं चेंडू पायाखाली धरला आणि थांबली. आण्णा डावीकडं झुकले. मग उजवीकडं. ती आपली थांबलेलीच.

"मार की गं भवाने!" आण्णा ओरडले, आणि तोल जाऊन धसकटांत आडवे झाले. तिनं चेंडू हळूच आत ढकलला.

ते बराच वेळ उठले नाहीत. आई घाबरून पुढं झाली, मोबाईलमध्ये मला नुसतं आभाळ दिसायला लागलं. मग आण्णा आईला म्हणाल्याचं ऐकू आलं, "धाड तिला, शालन."

"पण आण्णा, मी खेळते कुणासारखी?" वैशालीनं विचारलं.

"आता कुनासारकी न्हाई. आता फुडच्या पोरांना म्हनायचं, वैशीगत खेळतो का बगू."

तिची पेटी घेऊन नसरापूरपर्यंत तेच सोडायला गेले. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते, एवढं तिनं फोनवर सांगितलं.

परवा त्यांना फोन केला. खाचरात होते. "कोण आलंय खेळायला?" विचारलं तर म्हणाले, "यील की कुनीतरी." मग मीच धीर करून विचारलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते.

"आण्णा, मी कुणासारखा खेळायचो?"

वाटलं, हसतील. हसले नाहीत.

"तुजं आत्ताच कसं सांगू, संतोषा? तुजा गोल आजून व्हायचाय. सुट्टी कवा हाय? म्या हितंच हुबा हाय."