वाइन आंबली आहे!

वाइनचा तज्ज्ञ व्हायचं असेल, तर कुवेतसारखा देश नाही. दारूबंदीमुळे तुमची परीक्षा घ्यायला कुणाकडे बाटलीच नसते. कंपनीने मला दहा दिवस ट्रेनिंगला फ्रान्समध्ये लियोंला धाडलं. परत आल्यावर एका शुक्रवारी एगैलातल्या आमच्या फ्लॅटवर, केवळ आमचा मित्र डॉक्टर जयदीप गप्प बसावा म्हणून (तो नुकताच इटली बघून आला होता), मी म्हणालो, "खरी मजा कोत-द्यु-रोनमध्ये."

"ते काय असतं?"

"तांबडी वाइन. महागडी नव्हे. आपल्या पानाशी ताक असतं, तशी त्यांची रोजची. भाजलेली कोंबडी, मटण, मसूर, जुनं चीज, सगळ्याबरोबर जाते. मासे मात्र नकोत."

ही माहिती विमानातल्या मासिकातली. (पुढचं पान कुणीतरी फाडलं होतं, नाहीतर मी पांढऱ्या वाइनवरही बोललो असतो.)

तेव्हापासून कुणाकडेही जेवायला गेलो की विचारणा व्हायची, "जयप्रकाश, याच्याबरोबर कुठली चालली असती?" मी रस्सा चाखून डोळे मिटायचो. माझी बायको चारुशीला हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे; पुराव्याशिवाय तिला काही पटत नाही.

"अहो, पण तुम्ही प्यालात कधी?"

"घेतली की तिकडे घोटभर!"

घोटभर हे मात्र खरं होतं.

मग सोलेन आली. लियोंत मला शिकवणारी ही इंजिनियर कामासाठी आठवडाभर कुवेतला आली होती. तिचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. चारुशीलेने तो घेतला आणि परस्पर तिला शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. बेत माझ्याच व्याख्यानातला : मटणाचा रस्सा, मसुराची उसळ. वाइनच्या जागी डाळिंबाचा रस. जयदीप तर येणारच होता.

उसळीचा पहिला घास गिळून सोलेन इंग्रजीत चारुशीलेला म्हणाली, "तुमचे मिस्टर आमच्या घरी फार प्रसिद्ध आहेत."

मी घाईने तिच्यापुढे रस्सा सरकवला.

"माझ्या सासऱ्यांचा द्राक्षमळा आहे. हे लियोंत आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांनी स्वतःची वाइन ओतली. यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, आंबली आहे. बाबांनी दुसरी बाटली उघडली. तीही आंबलेली. तिसरी तर यांनी लांबूनच ओळखली!"

जयदीपने माझ्याकडे आदराने पाहिलं. तो आदर मला सहन होईना.

"तीन महिने झाले, बाबा रोज एकेक पिंप चाखतात. चाळीस वर्षांत कुणी दोष काढला नव्हता. विक्रीही थांबवली आहे. दोष नेमका कुठला, एवढंच त्यांना विचारायचंय." आणि तिने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा.

पडद्यावर एक म्हातारा. हातात वही, कानावर पेन्सिल. रिपोर्टची वाट बघणाऱ्या पेशंटसारखा चेहरा. आमची मुलगी कौमुदी शाळेत फ्रेंच शिकते. ती दुभाषी झाली.

'टॅनिन' हा शब्द जिभेवर आला होता (मासिकातच वाचलेला, वाइनच्या तुरटपणाचा). पण म्हाताऱ्याने पेन्सिलीला थुंकी लावली आणि माझा धीर सुटला.

"त्यांना सांग, वाइन उत्तम होती. मी जन्मात पहिल्यांदा चाखली. मला वाटलं, द्राक्षाच्या रसासारखी गोड असेल. आंबट लागली, म्हणून बोलून गेलो."

कौमुदीने ते फ्रेंचमध्ये सांगितलं आणि वळून मला विचारलं, "अँड द सेकंड बॉटल, बाबा?"

"तीही वाइनच होती."

सोलेनने घास तसाच हातात धरला. जयदीप हसला असता तर बरं वाटलं असतं. तो मान खाली घालून रस पीत राहिला. चारुशीला, सगळ्यांना वाढून झालेलं असताना, पुन्हा रस्सा ढवळू लागली. मी उभा राहून दोन्ही हातांनी कान धरले. (फ्रेंचमध्ये माफी मागायची मला तेवढीच येते.)

म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. रडतोय की काय? पण त्याने आत कुणाला तरी हाक मारली आणि दोघं गदागदा हसायला लागले. मग तो बराच वेळ काहीतरी बोलला. कौमुदीचा चेहरा लाल झाला.

"काय म्हणतात? रागावलेत?"

"नो, नो. उन्हाळ्यात सगळ्यांनी जेवायला या म्हणतात. तुमच्यासाठी स्पेशल जागा ठेवणार आहेत."

"बघ!" मी चारुशीलेला म्हणालो. खाली गेलेली माझी मान पुन्हा सरळ झाली. "कुठे?"

"किड्स टेबलवर, बाबा. तिथे ॲपल ज्यूस देतात."